लाल म्हणजे मंद : यलोस्टोनच्या पोटात डोकावताना

शुक्रवार, सॉल्ट लेक सिटी

जावयाने अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची सहल आखली तेव्हा त्याला अस्वलं पाहायची होती, मुलीला रंगीत उष्णकुंडांचे फोटो काढायचे होते आणि आमच्या हिचा एकच प्रश्न होता, "अहो, आपण तिथे असताना तो खालचा ज्वालामुखी फुटणार तर नाही ना?" तिच्या बहिणीने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात हिरव्यागार जंगलाखाली लालभडक रसाचं तळं खदखदत होतं आणि निवेदकाचा आवाज असा, की जग बुडायला आता फक्त जाहिरात संपायची खोटी.

माझी सगळी नोकरी जमिनीला धक्के देऊन तेल शोधणाऱ्यांत गेली. आधी मेहसाण्याच्या शेतांतून केबली ओढत, नंतर मुंबईत कॉम्प्युटरपुढे बसून. त्यामुळे असलं लाल चित्र दिसलं की मी आधी त्याच्या कडेची रंगपट्टी शोधतो. भूकंपलहरींवरून काढलेल्या चित्रात लाल म्हणजे गरम नव्हे आणि वितळलेलंही नव्हे. लाल म्हणजे मंद. या जागेतून जाताना लहरीला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच ते चित्र सांगतं. उशीर का झाला हा पुढचा प्रश्न. खडक तापलेला असेल, भेगाळलेला असेल, त्यात पाणी किंवा वायू असेल, किंवा तो खरोखरच थोडासा वितळलेला असेल. हिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." एका अर्थी बरोबरच होतं तिचं.

यलोस्टोन इथून पाचशेएक किलोमीटर लांब, पण तिथल्या भूकंपमापकांच्या नोंदी याच शहरात, युटा विद्यापीठात येऊन पडतात. त्या भागात वर्षाला साधारण दीड ते अडीच हजार लहान भूकंप नोंदले जातात. बहुतेक इतके बारीक की वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. २००१ मध्ये अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, हे विद्यापीठ आणि राष्ट्रीय उद्यान यांनी मिळून यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळा स्थापन केली. मुलीला वाटलं जाता जाता ती इमारत बघून घेऊ. इमारतच नाही! वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसं, त्यांची यंत्रं आणि त्यांच्यातला करार, यालाच वेधशाळा म्हणायचं.

भूकंप मात्र या शहरालाही नवा नाही. १८ मार्च २०२० ला सकाळी ५.७ तीव्रतेचा धक्का बसला आणि इथल्या मोठ्या मॉर्मन मंदिराच्या शिखरावरच्या सोनेरी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. मुलगी तेव्हा पायजम्यातच रस्त्यावर धावली होती. हे तिने आम्हाला आज सांगितलं, पाच वर्षांनी.

शनिवार, आयडाहो ओलांडून वेस्ट यलोस्टोन

दिवसभर गाडीत. आयडाहोत शिरल्यावर दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं, आणि शेतं संपली की काळा बेसाल्ट. स्नेक नदीचं हे मैदान म्हणजे यलोस्टोनचा मागे राहिलेला माग आहे. खोलवरचा उष्ण झोत आहे तिथेच आहे, त्याच्यावरून उत्तर अमेरिकेचं भूपृष्ठ नैर्ऋत्येकडे सरकतंय. त्यामुळे जुनी ज्वालामुखी तोंडं ओळीने मागे पडत गेली. नेवाडा-ओरेगनच्या सीमेवरचं सर्वांत जुनं, सोळा-सतरा दशलक्ष वर्षांचं.

दुपारी मेसा फॉल्सला थांबलो. धबधबा जिथून कोसळतो तो खडक १३ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली घट्ट झालेली राख आहे. यलोस्टोनचे मोठे उद्रेक तीन. पहिला सुमारे २१ लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा हा, तिसरा सुमारे ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वीचा. पहिल्याने जवळजवळ अडीच हजार घन किलोमीटर माल बाहेर फेकला, या मधल्याने तीनशेच्याही आत. "दर सहा लाख वर्षांनी फुटतो, म्हणजे आता वेळ झाली" हा हिशेब तिकडच्या टीव्हीवाल्यांचा लाडका. तीन उद्रेकांत मधली अंतरं दोनच मिळतात, आणि ती दोन्हीसुद्धा सारखी नाहीत. तेलाच्या विहिरीचा प्रस्ताव मी कधी दोन आकड्यांवर मांडला असता तर साहेबांनी फाइल अंगावर फेकली असती.

धबधब्याजवळच्या बाकावर हिने डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी आणि रव्याचे लाडू. या लाडवांना पुढे काम आहे.

रविवार, हेब्गन सरोवर आणि क्वेक लेक

खरं तर आजच उद्यानात शिरायचं होतं. मी हट्ट करून सगळ्यांना उलट्या दिशेला, मॅडिसन नदीच्या घळीकडे नेलं. १७ ऑगस्ट १९५९ ला रात्री ११ वाजून ३७ मिनिटांनी इथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुट्टीचे दिवस, नदीकाठी तंबू ठोकून माणसं झोपलेली. समोरचा डोंगर सुटला आणि सुमारे आठ कोटी टन दगडमाती घळीत उतरली. नदी अडली. मागे पाणी साठून जे सरोवर झालं त्याचं नावच क्वेक लेक. त्या रात्री २८ माणसं गेली. पाण्यात बुडालेल्या पाइनचे वाळके खुंट अजून उभे आहेत, आणि समोरच्या डोंगरावरचा ओरखडा साठ-पासष्ट वर्षांत पुरता झाकला गेलेला नाही.

मी मूळचा कराडचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते. आईने आम्हा भावंडांना अंथरुणासकट अंगणात ओढलं होतं. कोयनानगर आणि आसपास दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयनेच्या जलाशयातल्या पाण्यामुळे तो भूकंप ओढवला, हे आता जगभरच्या पुस्तकांत आहे. तिकडे धरणाच्या पाण्याने भूकंप आणला, इकडे भूकंपाने धरण बांधलं. जावयाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या खुंटांकडे बघत होता. त्याच्या पिढीला कोयना म्हणजे फक्त कोयना एक्स्प्रेस.

केबिन क्रीकजवळ जमीन जिथे फाटली ती पायरी अजून दिसते. काही ठिकाणी एका झटक्यात सहा मीटरहून जास्त उंचीचा फरक पडला होता. आता तिच्या उतारावर झाडं वाढली आहेत, पण आडव्या रेषेत पळणारा तो उंचवटा डोळ्याला खटकतोच.

इथे उभं राहून मला एका गृहस्थांचं नाव घ्यायचं होतं, एच. एम. अय्यर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणात काम करणारे हे भूकंपशास्त्रज्ञ. त्यांनी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या भूकंपांच्या पी लहरी, म्हणजे सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या लहरी, यलोस्टोनमधल्या यंत्रांवर किती वाजता पोहोचतात ते पाहिलं. आजूबाजूच्या यंत्रांच्या मानाने कॅल्डेराच्या, म्हणजे मोठ्या उद्रेकानंतर जमीन खचून झालेल्या खळग्याच्या, मधल्या यंत्रांवर त्या सेकंदभराहून जास्त उशिरा येत होत्या. १९७५ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. एक सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पी लहर खडकातून सेकंदाला सहा-सात किलोमीटर जाते, आणि सगळा उशीर कॅल्डेराखालच्या शेवटच्या वाटेतच झालेला असतो. एवढ्याशा वाटेत एवढा उशीर व्हायला खाली बराच मोठा आणि बराच मऊ पट्टा लागतो.

आमच्या तेलवाल्यांना एक सुख असतं. धक्का कुठे दिला आणि केव्हा दिला हे आम्हाला ठाऊक असतं, कारण शॉट आम्हीच मारलेला असतो. यांना ते सुख नाही. भूकंप कुठे, किती खोल, नेमका कोणत्या क्षणी झाला हेही त्याच नोंदींवरून काढायचं आणि वाटेतला खडक कसा आहे हेही त्याच नोंदींवरून. एकाच समीकरणातून दोन्ही अज्ञातं सोडवायची. म्हणून यंत्रं पुष्कळ लागतात, भूकंप पुष्कळ लागतात आणि लहरींच्या वाटा एकमेकींना सगळ्या बाजूंनी छेदाव्या लागतात. एखाद्या जागेतून वाट गेलीच नाही तर तिथलं चित्र म्हणजे निव्वळ अंदाज, भले तो छान रंगवलेला असो.

सोमवार, ओल्ड फेथफुल

पश्चिम फाटकातून आत. वाटेत बिस्किट बेसिनला जायची वाट बंद केलेली. २३ जुलै २०२४ ला सकाळी दहाच्या सुमाराला इथल्या ब्लॅक डायमंड कुंडाखालच्या पाण्याची एकदम वाफ झाली आणि काळा चिखल नि दगड उडाले. लाकडी पायवाट उखडली, पर्यटक जीव घेऊन पळाले. कुणाला लागलं नाही हे नशीब. तो व्हिडिओ हिने पाहिलेला होता. मी तिला म्हटलं, यलोस्टोनमध्ये भ्यायचंच असेल तर याला भी. यात शिलारसाचा थेंब नसतो, फक्त उथळ खोलीवरचं अतितप्त पाणी, आणि आधी इशारा देईलच असं नाही. खालच्या मोठ्या ज्वालामुखीवर एवढी यंत्रं लावलेली आहेत की तो असा गुपचूप उठणं कठीण. १९५९ च्या भूकंपानंतर याच बेसिनमधल्या सफायर कुंडाने उसळ्या मारून कडेची बिस्किटासारखी दगडी नक्षी फोडून टाकली होती. नाव मात्र राहिलं.

ओल्ड फेथफुल या गीझरपुढे, म्हणजे थांबून थांबून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यापुढे, अर्धगोलाकार बाकं, हजारभर माणसं, सगळ्यांचे फोन वर. उसळी मारण्याची अंदाजी वेळ फळ्यावर लिहिलेली. दोन उसळ्यांमध्ये आता सरासरी दीड तास जातो, पूर्वी तासाच्या आसपासच जायचा. मोठ्या भूकंपांनी खालच्या वाटा बदलल्या आणि अंतर वाढलं.

आम्हाला तासभर थांबायचं होतं, आणि मला हवा तसा श्रोतृवर्ग पळून जाऊ शकत नव्हता.

२०१५ च्या नोव्हेंबरात, पर्यटक गेल्यावर, युटा विद्यापीठाच्या फॅन-ची लिन, जेमी फॅरेल वगैरे मंडळींनी या उसळत्या झऱ्याभोवती १३३ छोटी भूकंपमापक यंत्रं पेरली. केबल नाही, बॅटरीवर चालणारी, हातात मावणारी. आमच्या काळात एवढ्या यंत्रांना एक ट्रक आणि वीस माणसं लागली असती. हेवा वाटला. यांनी धक्का द्यायचीही गरज नव्हती, कारण ओल्ड फेथफुल स्वतःच आवाज करतो. खाली बुडबुडे फुटत राहतात आणि त्यांची बारीक थरथर सगळ्या यंत्रांवर उमटते. ही थरथर उसळीच्या क्षणी सर्वांत जास्त असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. ती दोन उसळ्यांच्या मधल्या काळात वाढते आणि पाणी वर यायच्या आधी उलट मंदावते.

त्या नोंदींत लहरी झऱ्याच्या नैर्ऋत्येला एका ठिकाणी अडखळत होत्या. तिथे सुमारे दोनशे मीटर रुंदीचा, भेगांनी आणि पाण्याने भरलेला खडकाचा साठा निघाला. त्यात तीन लाख घनमीटरच्या आसपास पाणी मावेल असा अंदाज. एका उसळीत बाहेर पडतं ते तीसेक घनमीटर. म्हणजे जी टाकी आपल्याला वाटते ती झऱ्याच्या तोंडाखाली सरळ उभी नाहीच, बाजूला आहे, आणि उसळी हा त्यातला अगदी किरकोळ खर्च.

एवढं बोलेपर्यंत उसळी आली. टाळ्या वाजल्या. तीन मिनिटांत सगळं संपलं आणि माणसं आइस्क्रीमच्या रांगेत.

मंगळवार, नॉरिस, मॅमथ, टॉवर

नॉरिसला गंधकाचा वास एवढा की आमच्या लसणाच्या चटणीची लाज वाटेनाशी झाली. हा सगळ्यांत तापट भाग. इथे शास्त्रज्ञांनी खोदलेल्या एका विंधनविवरात ३३२ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान मिळालं होतं. स्टीमबोट हा जगातला सर्वांत उंच उडणारा चालू गीझर इथलाच, नव्वद मीटरच्या वर जातो. २०१८ पासून काही वर्षं तो भरात होता. आम्हाला फक्त वाफ दाखवली.

मॅमथचे चुनखडीचे पांढरे टप्पे पाहिले. त्यापेक्षा तिथल्या हिरवळीवर बायकांच्या कळपावर हक्क सांगत ओरडणारा एल्क नर जास्त वेळ पाहिला. सप्टेंबर त्यांचा हंगाम.

टॉवरजवळ मात्र मीच गाडी थांबवली. नदीपलीकडच्या कड्यात बेसाल्टचे उभे खांब, एकाला एक लागून. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलखाली उभं राहिलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. लाव्हा निवताना आक्रसला की असे खांब पडतात, दोन्हीकडे कारण एकच. फरक असा की आपला दख्खनचा बेसाल्ट पातळ, थरांवर थर टाकत शेकडो किलोमीटर पसरला. यलोस्टोनचे मोठे उद्रेक ऱ्हायोलाइटचे. सिलिका जास्त, रस चिकट, वायू आत कोंडणारा. असा रस पसरत नाही, फुटतो. बेसाल्ट इथेही आहे, पण नाटकातल्या दुय्यम पात्रासारखा. खरं तर पडद्यामागे शेकोटी तोच पेटवतो: खोलवरून येणारा बेसाल्टी रस उष्णता देतो आणि वरचा कवचाचा खडक वितळून ऱ्हायोलाइटी रस होतो.

रात्री गार्डिनर गावात मुक्काम. चहाबरोबर लाडू निघाले आणि जावयाने सरळ विचारलं, "बाबा, खाली नक्की किती वितळलेलं आहे?"

एस लहरी, म्हणजे खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या भूकंपलहरी, द्रवातून जाऊच शकत नाहीत. खाली खरंच तळं असतं तर त्यांची सावली पडली असती. यलोस्टोनखालून एस लहरी जातात. रडतखडत, पण जातात. म्हणजे मूळ सांगाडा घन खडकाचाच. २०१५ मध्ये युटाच्या गटाने जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही भूकंपांच्या नोंदी एकत्र करून चित्र काढलं. त्यात दोन मजले दिसले. वरचा साठा ५ ते १६ किलोमीटर खोलीवर, आकाराने सुमारे १० हजार घन किलोमीटर. हा आधीही माहीत होता. त्याच्या खाली २० ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात नवा, ४६ हजार घन किलोमीटरचा. वर्तमानपत्रांनी हेच दोन आकडे उचलले. त्याच लेखात वितळलेल्या भागाचे अंदाज होते, वर सुमारे ९ टक्के आणि खाली २ टक्के. ते कुणी मथळ्यात घातले नाहीत.

"नऊ टक्के म्हणजे कसं?" हिने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. हातातला लाडू मोडून म्हणाली, "रवा आहे, मध्ये पाक आहे. पाक बेताचा असला की लाडू बसतो. पाक जास्त झाला की वळताच येत नाही, ताटात पसरतो."

इतकी नेमकी उपमा मला नोकरीत कुणी दिली नाही. दाणे एकमेकांना टेकलेले आहेत तोवर सगळं मिळून घनासारखं वागतं. वितळलेला भाग साधारण ३५ ते ५० टक्क्यांच्या पुढे गेला की दाण्यांची पकड सुटते, आणि मगच तो सगळा माल उद्रेकात वाहू शकतो.

जावयाने फोनवर शोधून २०२२ चा शोधनिबंध काढला. "पण इथे १६ ते २० टक्के लिहिलंय!" बरोबर. तीन ते आठ किलोमीटर खोलीवर. सात वर्षांत खाली रस वाढला असा त्याचा अर्थ नाही, मोजायची रीत बदलली. नुसती लहर पोहोचायची वेळ पाहिली तर एक गफलत होते. मंद पट्ट्यात अडकलेली लहर मागे राहते, पण बाजूच्या घट्ट खडकातून आलेली लहर वळसा घालून पुढे निघते आणि रिकामी जागा भरून काढते. यंत्रावर उशीर कमी दिसतो, पट्टा आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. नव्या कामात पोहोचण्याची वेळ नुसती न घेता लहरीचा सबंध आकार महासंगणकावर जुळवला. आणि लहरी भूकंपांच्या नव्हत्याच, समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत कायम चालू असलेल्या कुरकुरीच्या होत्या. दोन यंत्रांवरची ही कुरकुर दीर्घकाळ ताडून पाहिली की एकावरून दुसऱ्यावर लहर कशी जाते ते उमगतं. आम्ही ज्याला गोंगाट म्हणून आयुष्यभर गाळत आलो त्यातून यांनी चित्र काढलं. हा प्रकल्प सुरू करणाऱ्यांपैकी एक, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मिन चेन, निबंध छापून येण्याआधी २०२१ मध्ये वारल्या.

बुधवार, हेडन दरी

टॉवरहून डनरेव्हन खिंडीतून वर चढलो. कॅल्डेरा पाहायचा तर इथून. एरवी उद्यानात फिरताना आपण ज्वालामुखीच्या तोंडात आहोत हे कळतच नाही, कारण ते तोंड साधारण ७० किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. इथून दक्षिणेला डोंगर एकदम थांबतात, मग विस्तीर्ण सपाटी आणि पार क्षितिजाजवळ पुन्हा डोंगर. मधले डोंगर ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वी खाली बसले.

यलोस्टोन नदीची पिवळी घळ पाहून हेडन दरीत उतरलो आणि गव्यांनी रस्ता अडवला. पाऊण तास. एक दांडगा बिसन गाडीच्या आरशात स्वतःला न्याहाळत उभा. दोन्हीकडे गाड्यांची रांग, हॉर्न मात्र कुणी वाजवत नाही. पुण्यात हे शक्य नाही.

आणि नेमका याच भागात, कॅल्डेराच्या ईशान्य बाजूला, माझा जुना सोबती येऊन गेला होता: व्हायब्रोसाइस ट्रक. खाली जाडजूड पोलादी पाट असलेला हा ट्रक तो पाट जमिनीवर टेकवतो, सगळं वजन त्यावर टाकतो आणि थरथरायला लागतो. आधी सावकाश, मग भरभर. शॉटहोल खोदायला नको, सुरुंग नको, विहिरीला तडा गेला म्हणून भांडायला येणारा शेतकरी नको. २०२० मध्ये भूकंपशास्त्रज्ञ ब्रँडन श्मांट आणि सहकाऱ्यांनी असा ५३ हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे २४ टनांचा ट्रक यलोस्टोनमध्ये आणला, भोवती सहाशेहून जास्त भूकंपमापक मांडले आणि रात्री, रस्ते रिकामे असताना, कडेच्या गाड्या थांबवायच्या जागांमधून जमीन हलवली. चेंगलाँग दुआन यांच्यासह केलेला त्याचा निबंध २०२५ मध्ये 'नेचर'ला आला.

ट्रकच का? भूकंपाच्या किंवा समुद्राच्या कुरकुरीच्या लहरी लांब असतात. लहर सेकंदाला पाच किलोमीटर जात असेल आणि सेकंदाला एकदा हलत असेल, तर तिची लांबी पाच किलोमीटर. तिला पाचशे मीटरची गोष्ट धड दिसणार नाही. ट्रक सेकंदाला दहा-वीस वेळा हलतो, लहर आखूड होते. शिवाय लहर परत येते ती आदळून, परावर्तित होऊन. आजवरच्या चित्रांत साठ्याची वरची कड धुरकट होती, कुणी म्हणे तीन किलोमीटरवर, कुणी आठ. ट्रकच्या लहरी ३.८ किलोमीटरवरून स्पष्ट माघारी आल्या. धुरकट नाही, कड आहे. माझ्यासारख्याला हेच पटतं. मंद डागावर वाद घालता येतो, परावर्तन आलं की खाली काहीतरी बदललंय हे मुकाट्याने मान्य करावं लागतं.

त्या कडेखाली काय आहे, तर सगळ्यात वरच्या थरात १४ टक्के पोकळ्या, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या वायू-पाण्याच्या बुडबुड्यांनी भरलेल्या, उरलेल्या वितळलेल्या रसाने. शिलारस वर येतो, दाब कमी होतो, विरघळलेला वायू सुटतो आणि वर जमतो. असे बुडबुडे कोंडत गेले तर उद्रेकाला आमंत्रण. पण हा थर गच्च भरलेला दिसत नाही. भेगांमधून, उष्ण झऱ्यांमधून वायू सतत निघून जातो आहे. सकाळपासून जो कुजका वास येत होता तो याच सुटकेचा भाग. हे ऐकल्यावर हिने पहिल्यांदा गाडीची काच खाली केली.

संध्याकाळी लेहार्डी रॅपिड्स. इथे नदी अचानक खळाळते. या भागातली जमीन वर-खाली होते, हे उघड झालं ते असं. रॉबर्ट स्मिथ हे युटा विद्यापीठाचे भूकंपशास्त्रज्ञ १९७३ मध्ये यलोस्टोन सरोवराच्या दक्षिण टोकाला काम करत असताना त्यांना तिथली काठावरची झाडं पाण्यात बुडून मेलेली दिसली. पाऊस जास्त नव्हता. मग १९२३ साली रस्त्यांलगत बसवलेल्या उंचीच्या खुणा पुन्हा मोजल्या, तर कॅल्डेराचा मध्य पाऊण मीटरच्या आसपास वर आलेला. ताट एका बाजूने उचलावं तसं सरोवर कलंडलं होतं. पुढे २००४ ते २०१० मध्ये जमीन पुन्हा सुमारे २५ सेंटिमीटर चढली, आणि गेली काही वर्षं वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते आहे.

गुरुवार, वेस्ट थंब ते जॅक्सन

सरोवराच्या पश्चिमेचा हा गोल फुगवटा म्हणजे कॅल्डेरातला छोटा कॅल्डेरा, सुमारे पावणेदोन लाख वर्षांपूर्वीचा. काठावर उकळती कुंडं, एक हात पुढे सरोवराचं गारठलेलं पाणी. इथल्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं. चहा फिक्का होतो, हे थर्मासवाल्यांनी लक्षात ठेवावं.

जावई आता पुरता पेटला होता. त्याने २०२५ चाच आणखी एक निबंध काढला, यात लहरी नाहीत, जमिनीची विद्युतवाहकता मोजली आहे. वितळलेला रस वीज चांगली वाहतो. त्या चित्रात एक सलग साठा नाही, वेगवेगळे सुटे साठे आहेत, आणि खालच्या बेसाल्टी उष्णतेशी धड जोडलेला आहे तो ईशान्येकडचा. पश्चिमेचे निवत चालले आहेत. म्हणजे आपण सोमवारी जिथे टाळ्या वाजवल्या तो भाग भविष्यात थंडावणार, आणि गव्यांनी अडवलेला टिकणार. भविष्यात म्हणजे लाखो वर्षांच्या हिशेबात.

दक्षिण फाटकातून बाहेर पडून टेटनच्या सुळक्यांखालून जॅक्सनला आलो. जेवताना मी म्हटलं, मला कुणी विचारलं असतं तर मी तो ट्रक एकदा आणून थांबलो नसतो. जुन्या तेलक्षेत्रात आम्ही काही वर्षांनी त्याच जागी, तसाच सर्व्हे पुन्हा करतो. दोन चित्रांतला फरक काढला की तेल कुठून कुठे सरकलं ते दिसतं. इथे ३.८ किलोमीटरवरच्या बुडबुड्यांचं तेच करायला हवं. वाढतात की निसटतात, एका सर्व्हेवरून नाही कळणार. त्याच जागा, त्याच रात्री, तीच यंत्रं, दर पाच वर्षांनी.

"केबल ओढायला तुम्ही जाणार?" ही म्हणाली.

"आता केबल नसते."

"बाबा," जावई म्हणाला, "राष्ट्रीय उद्यानात ट्रक हलवायचाय ना? मग परवानगीचा अर्ज आजच करा. आणि तो लाडवांचा डबा गाडीत ठेवू नका, अस्वलं इथेही आहेत."